फिंजान

सोहारच्या हॉस्पिटलात, तळमजल्यावर,
लॉन्ड्री आणि शवागार यांच्या मधे
आमचा आहारशास्त्र विभाग: दोन खोल्या, एक वजनकाटा,
आणि काचेच्या कपाटात प्लास्टिकचं जेवण.
ब्रोकोली, टोस्टचा तुकडा, कोंबडीची तंगडी.
अठरा वर्षं मी त्यावरची धूळ पुसतेय.

कॅटलॉगमधून आलेलं हे जेवण
बातिनाच्या किनाऱ्यावर कुणी जेवत नाही.
पहिल्याच वर्षी मी त्याच्या शेजारी
परभणीहून आणलेली स्टीलची वाटी ठेवली,
कडेला आईचं नाव कोरलेली.
मापाला तीच पुरली. एक वाटी भात, अर्धी वाटी डाळ.
विद्यापीठातून येणाऱ्या मुली म्हणायच्या, "वाती".
मी हसायचे. का, ते सांगितलं नाही.

मला इथे दुक्तूरा म्हणतात. मी डॉक्टर नाही.
राउंडला मी सहावी उभी असायचे,
फिजिओच्याही मागे.
एकदा एका म्हाताऱ्याच्या क्रिएटिनिनवर
वीस मिनिटं चर्चा चालली होती
आणि उशाशी ट्रे, तीन दिवसांचा, न उष्टावलेला.
मी मागून विचारलं, "यांची कवळी कुठंय?"
राउंड थांबला.
कवळी सापडली लॉन्ड्रीत, उशीच्या अभ्र्यात.
त्या दिवसापासून मी तिसरी.

खमीस मासेमार होता. डायलिसिसवर.
दर महिन्याला पोटॅशियम वर,
दर महिन्याला मी तक्ता त्याच्यापुढे धरायची:
खजूर बंद.
तो मान डोलवायचा, अल्लाची शपथ घ्यायचा
आणि पुढच्या महिन्यात सहा पूर्णांक सात.

झुवैनाला येऊन तीन आठवडे झाले होते.
"उस्ताझा, मी विचारू?"
खुर्ची बाजूला सारून ती पलंगाच्या कडेला बसली.
काका, दिवसात किती घरी कहवा होतो?
नऊ.
आणि प्रत्येक घरी?
खजूर तीन. घरात बसून नाही म्हणणं ऐब.
मग ती म्हणाली, एका घरी एकच घ्या, ठरवून,
बाकी आठ घरी पहिल्याच घोटाला फिंजान हलवा.
म्हणावं, हॉस्पिटलच्या पोरीनं शपथ घातलीय.

बोटांत धरलेला रिकामा फिंजान
जरासा डावीउजवीकडे: पुरे.
अठरा वर्षं मीही घराघरांत तो हलवत आले
आणि माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.

पुढल्या महिन्यात पाच पूर्णांक सहा.
त्याच्या पुढल्या महिन्यात पुन्हा सहाच्या वर,
गावात लग्न होतं.
असंच असतं आमचं काम.

जूनमध्ये पत्र आलं. पद आता इथल्याच माणसाला.
सोबत झुवैनाचा फॉर्म, शिफारस माझीच हवी.
खोटं कशाला बोलू,
त्या रात्री मी पेन शोधत बसले
आणि पेन टेबलावरच होतं.
आमच्या ठोसरबाई आठवल्या,
ज्यांच्या तासाला धान्य तोलताना आमचे हात कापायचे.
"आधी विचार, काय जेवलात. मग सांग, काय जेवा."
हे वाक्य मी दर सप्टेंबरात फळ्यावर लिहिलं
आणि खमीसला कधीच विचारलं नाही.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ही विचारते.
सही केली. तारीख चुकले, खोडून पुन्हा घातली.

शेवटच्या दिवशी हलवा होता, तुपात निथळणारा,
आहारतज्ज्ञांच्या खोलीत, दार लावून.
झुवैना कहवा ओतत होती. दुसरा. तिसरा.
चौथ्याला मी फिंजान हलवला.
तिनं दल्ला खाली ठेवला
आणि बराच वेळ त्याचं झाकण नीट बसवत राहिली.

किल्ली द्यायला सकाळी परत गेले
तेव्हा चार नव्या मुली कपाटापुढे उभ्या.
प्लास्टिकची ब्रोकोली खालच्या कप्प्यात गेलेली.
आईच्या नावावर अंगठा ठेवून झुवैना सांगत होती,
"आणि ही वाती. हिच्यात मावतं, ते एक."

मी उच्चार सुधारला नाही.